नारळाखालचा कागद

मी एक जुना टूलकिट आहे आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, स्वतःची कहाणी सांगणाऱ्याने गोड बोलावे अशी रीत आहे, पण ती माझ्याकडून पाळली जाणार नाही. आधी ऐका, मग मला तिरसट म्हणा.

संगणकाच्या पडद्यावर जी चौकट उघडते, जी बटणे दिसतात, 'हो की नाही' विचारणारी जी पाटी येते, ती प्रत्येक प्रोग्रॅमरला नव्याने घडवावी लागत नाही. सुताराला पेटीतून पटाशी मिळावी तशी ती माझ्याकडून तयार मिळते. शिवाय माझ्यावर बांधलेला प्रोग्रॅम वेगवेगळ्या जातींच्या संगणकांवर चालतो. याबद्दल मला कोणी शाबासकी दिल्याचे आठवत नाही.

१९९३ साली सात फ्लॉप्यांच्या खोक्यातून मी हैदराबादला आलो. काचीगुडा स्टेशनामागे हिम्मतरावांचे दोन खोल्यांचे ऑफिस होते. ते आधी शेतीचे पंप विकत. देशाची दारे परदेशी मालाला उघडली, तशी त्यांनी पंपांची पाटी उतरवून संगणकाची लावली. कामाची सारी भिस्त मात्र त्यांच्याकडच्या प्रोग्रॅमर पद्मावतीवर होती. तिने माझ्या मदतीने शहरातल्या कोठी भागातल्या एका रक्तपेढीचा प्रोग्रॅम बांधला. त्यात रक्तदात्यांची नावे, रक्तगट, पत्ते आणि फोन नंबर असत.

तो प्रोग्रॅम रक्तपेढीतल्या सुमनताई चालवत. एका कानाला फोन आणि एक हात माऊसवर. काम झाले की मी विचारी, 'बदल जपून ठेवू का?' डावीकडे 'हो', उजवीकडे 'नाही'. सुमनताई पडद्याकडे न बघता डावे बटण दाबत. तीन वर्षे त्यांचा हात एकदाही चुकला नाही.

१९९६ च्या नवरात्रात माझी नवी आवृत्ती आली. खोक्यात एक कागद होता. काय काय बदलले ते त्यावर लिहिले होते आणि चौथी ओळ अशी होती, की 'हो' आणि 'नाही' यांच्या जागा आता उलट झाल्या आहेत. म्हणे दुसऱ्या जातीच्या संगणकांची तशी पद्धत होती. माझ्या कर्त्यांनी एका ओळीत हे लिहिले आणि हात झटकले. त्यांच्यावरही माझा राग आहेच.

पद्मावतीने प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर बांधून घेतला. फक्त तपासणी राहिली होती. तेवढ्यात खंडेनवमी आली आणि हिम्मतरावांनी कीबोर्ड, पाने, पेचकस आणि माझे खोके पाटावर मांडले.

"साहेब, एक तास द्या. चालवून बघते. आतला कागदसुद्धा वाचायचा राहिलाय," पद्मावती म्हणाली.

"नक्को नक्को! आज अवजाराला हात लावायचा नसतो, एवढं बी ठाऊक नाही का? उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर कोठीला जाऊन डायरेक बसवून टाका."

पाटावरचा नारळ गडगडत होता. तो स्थिर राहावा म्हणून हिम्मतरावांनी जवळ पडलेला कागद दुमडून त्याच्याखाली सारला. तो माझाच कागद होता.

दसऱ्याच्या सकाळी मी रक्तपेढीत बसलो. त्या दिवसांत शहरातले फोन नंबर भराभर बदलत होते. ओ निगेटिव्ह रक्ताच्या नऊ दात्यांचे नवे नंबर सुमनताईंनी चिठ्ठ्यांवरून टाइप केले, सवयीने डावे बटण दाबले आणि चिठ्ठ्या केरात टाकल्या. मी ते सगळे नवे नंबर पुसून टाकले. मला सांगितले तेच मी केले.

दुपारी शेजारच्या दवाखान्यातून निरोप आला. मनीषा नावाची बाई बाळंत होत होती, रक्तस्राव थांबत नव्हता आणि तिला ओ निगेटिव्हच रक्त हवे होते. पेढीत त्याची एकही बाटली नव्हती. सुमनताईंनी यादी उघडली तर सारे जुने नंबर. एकाही ठिकाणी घंटा वाजेना. त्यांनी पद्मावतीला घरून बोलावून घेतले.

"पद्मा, सकाळीच टाकले होते गं मी नंबर! देवाशपथ टाकले होते!"

पद्मावतीने एक नंबर टाकून डावे बटण दाबून पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "ताई, चूक तुमची नाही," एवढेच ती म्हणाली. यादीत पत्ते तरी शाबूत होते. सर्वांत जवळचा पत्ता अंबरपेठेतल्या केशवराव मास्तरांचा होता. तिने लुना काढली. मास्तर घरी नव्हते, दसऱ्याचे सोने म्हणून जम्मीची, म्हणजे शमीची, पाने वाटायला गेले होते. ती दारोदार विचारत फिरली आणि पाचव्या घरी ते सापडले. मुठीतली पाने तशीच घेऊन ते लुनावर मागे बसले.

मनीषा वाचली, तिची मुलगीही वाचली. आणि माझा संताप इथेच आहे, मित्रांनो! ती वाचली म्हणून सगळेजण झाले ते विसरायला मोकळे झाले. "ह्यो टूलकिटच खराब निघाला," असे हिम्मतरावांनी रक्तपेढीला सांगितले आणि पद्मावतीला म्हणाले, "वाचली ना बाई? मग जाऊ द्या की." चोर सोडून संन्याशाला फाशी! माझे खोके कपाटाच्या माथ्यावर गेले.

पद्मावतीने मात्र जाऊ दिले नाही. तिने पाटावरचा नारळ उचलला, खालचा कागद उलगडला आणि हिम्मतरावांसमोर धरला. "साहेब, चौथी ओळ वाचा. मोठ्याने वाचा."

त्यांनी कुंकवाच्या डागांतून अडखळत ती वाचली.

"एवढीच ओळ होती व्हय?"

"एवढीच," पद्मावती म्हणाली.

मित्रांनो, मला हळदकुंकू नको आणि झेंडूची माळही नको. माझ्यात काही बदलले, तर ते बदल माझ्यावर विसंबलेल्या माणसापर्यंत पोहोचू द्या. पुढच्या खंडेनवमीला अवजारांपुढे हात जोडाल, तेव्हा आधी तो नारळ उचला.