नाव यशवंत, नोंदणी तुकईथड

ब्रोकरच्या पत्राला मी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. शेअर बाजारात किरकोळ ग्राहकांच्या ऑर्डरी आणि अल्गोरिदम, म्हणजे आपोआप ऑर्डरी टाकणारे संगणकी प्रोग्राम, यांच्या नियमांची फेरतपासणी चालू आहे, असं त्यात होतं. माझ्या खात्यातून रोज सकाळी एकाच शेअरची ऑर्डर वीस-वीस वेळा जाते आणि तितक्याच वेळा रद्द होते. म्हणून वापरात असलेल्या अल्गोरिदमचं नाव आणि नोंदणी क्रमांक कळवा, नाहीतर खातं बंद.

आधी अभिमानच वाटला. कागद कारखान्यातल्या तीस वर्षांत मला कोणी चपळ म्हटलं नव्हतं.

सून रंजिता म्हणाली, "बाबा, सीधं लिहून टाका ना, डर लागतो म्हणून कॅन्सल करतो!"

"हसतील गं ते."

"आणि मशीन समजतात ते चालतं? सोमवारी मुदत संपते, खातं बंद होईल, मग सकाळी काय करणार?"

ते खरं होतं. सकाळचा ऑर्डरींचा तेवढा पाऊण तास सोडला तर माझ्या दिवसात धाडसाचं काहीच नसतं. मी लिहायला बसलो.

'महोदय, अल्गोरिदमचं नाव यशवंत, वय बाहत्तर. तो आधी घ्या म्हणतो, मग नको म्हणतो. बायको निवडतानाही असंच केलं होतं. नोंदणी तुकईथडला झाली, जन्माच्या दाखल्याची प्रत जोडली आहे. सुधारणा होण्याची शक्यता कमी.'

स्पीडपोस्टच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "काका, आत काय आहे?"

"कबुलीजबाब."

त्यांनी न हसता शिक्का मारला आणि पाकीट थैलीत टाकलं.