ट्रामच्या सभेतला माईक

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. सभागृहाच्या मंचामागे मोडक्या खुर्च्यांची एक खोली आहे, तिथे कपाटात मी पडून आहे. माझे म्हणणे जरा ऐकून घ्या. आयुष्यभर मी दुसऱ्यांचेच बोलणे मोठे करून सांगत आलो. स्वतःचे सांगण्याची ही पहिलीच वेळ.

कारखान्यात माझ्या पोटात पातळ पडदा बसवल्यावर तिथल्या बाईंनी मला तोंडाजवळ धरून "हॅलो, हॅलो" म्हटले. खोलीभर आवाज घुमला तशा त्या हसल्या आणि त्यांनी मला खोक्यात ठेवले. तिथून मी या सभागृहात आलो. शाळांची बक्षिसे, गाण्याच्या स्पर्धा, निरोप समारंभ, सगळे माझ्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचले. "आवाज कसा खणखणीत आहे," असे लोक म्हणाले की मला धन्य वाटायचे.

मग शहरात ट्राम सुरू करायचे ठरले. रूळ समोरच्याच अरुंद रस्त्याने जाणार होते. लोकांच्या शंकांचे निरसन करायला सभा बोलावली गेली. मंचावर रंगीत नकाशे, पाण्याच्या बाटल्या आणि मोठे साहेब. खाली सगळी गल्ली दाटीवाटीने बसलेली.

सभागृहासमोर शिवणकाम करणाऱ्या ताईंचे दुकान होते. पुढे मशीन, मागे घर. त्यांच्या यजमानांचे पाय गेले होते. चाकांच्या खुर्चीत बसून ते काजं-बटणं करायचे. रोज संध्याकाळी ताई दाराला उतरती फळी लावायच्या आणि खुर्ची हळूच रस्त्यावर आणायच्या. यजमान कोपऱ्यावर जाऊन मित्रांशी गप्पा मारून यायचे. दिवसभरात त्यांचे बाहेर जाणे एवढेच.

सभेत ताईंनी मला हातात घेतले.

"साहेब, आमच्या यांची खुर्ची फळीवरून खाली उतरते. रुळांसाठी फुटपाथ कापलात, तर ती फळी कुठे टेकवायची?"

"ताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो," साहेब म्हणाले. "नोंद घेतली आहे."

"भावना राहू द्या साहेब. मी फळीचं विचारतेय."

लोक हसले. साहेबही हसले आणि म्हणाले, "पुढचे कोण?"

पुढे आला तो ताईंचा धाकटा भाऊ. तो बस चालवायचा. बस बंद होणार होत्या आणि त्याला ट्रामवर घेणार होते. तो म्हणाला, "मला ट्राम हवी आहे. धूर कमी होईल, म्हाताऱ्यांना चढायला सोपं पडेल." ताईंनी त्याच्याकडे पाहिले आणि मान फिरवली.

साहेब खूश झाले. "बघा, यांच्याच घरातला माणूस काय म्हणतोय."

ते भावाच्या मनाला लागले. "थांबा साहेब. ट्राम हवी म्हणालो, ताईला उत्तर नको असं नाही म्हणालो. आधी तिला सांगा की..."

साहेबांनी बाजूला उभ्या शिपायाला खूण केली. शिपायाने खाली बघत माझ्या आवाजाचे बटण फिरवले. माझा आवाजच बंद झाला. भावाचे ओठ हलत राहिले. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारले, "काय म्हणाला?" पुढच्यांनी खांदे उडवले. सभा वेळेअभावी संपली.

रस्ता खणला गेला, फुटपाथ कापला गेला. फळीचे टोक थेट रुळावर यायला लागले, म्हणून एका अधिकाऱ्याने ती उचलून नेली. सुरुवातीला भाऊ ड्यूटी संपवून यायचा आणि शेजाऱ्याच्या मदतीने मेहुण्यांना खुर्चीसकट उचलून बाहेर काढायचा. एकदा उचलताना यजमान पडले. त्यानंतर त्यांनीच नको म्हटले. काही महिन्यांनी ताईंनी शटर ओढले आणि दोघे लांब, दिरांच्या घरी राहायला गेले. तिथे ताईंना गिऱ्हाईक नव्हते आणि यजमानांना मित्र नव्हते.

ट्राम सुरू झाली त्या दिवशी इथेच समारंभ झाला. साहेबांनी मला तोंडाजवळ धरले. "या मार्गावरच्या प्रत्येक नागरिकाच्या शंकेचे आम्ही निरसन केले आहे." मी ते वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवले, स्वच्छ, एकदाही न खरखरता. मला दुसरे येतेच काय?

मग पहिला चालक म्हणून भावाला मंचावर बोलावले. नवा गणवेश, हातात फुलांचा गुच्छ. "दोन शब्द बोला," साहेब म्हणाले.

"समोरच्या बंद दुकानात माझी ताई राहायची," तो म्हणाला. "आज तिला बोलावलं होतं. ती म्हणाली, तू चालव, मला नाही बघवणार."

त्याने गुच्छ दुसऱ्या हातात घेतला. तेवढ्यात टाळ्या झाल्या, कारण त्याचे बोलणे संपले की टाळ्या वाजवायचे आधीच ठरले होते.

पुढे बिनवायरचे माईक आले आणि मी कपाटात गेलो. ट्रामची घंटा इथवर ऐकू येते. ट्राम वाईट नाही, मित्रांनो. तिच्यात गर्दी असते, लोक तिची स्तुतीही करतात. भाऊ ती रोज त्या दारावरून नेतो.

उद्या तुमच्यापैकी कुणी मंचावर बसेल आणि खालून कुणीतरी साधाच प्रश्न विचारेल. तेव्हा बटणाकडे बोट दाखवू नका. उत्तर नसेल, तर नाही म्हणा. तेवढे म्हणायला माईकसुद्धा लागत नाही.