कच्चे धणे

मध्यस्थीच्या शेवटच्या बैठकीत सह्या झाल्या, चहा झाला, आणि माझा मुलगा वैभव आणि सून प्राची वेगळे झाले. आरडाओरडा नाही, चारचौघांत एकमेकांची लक्तरं काढणं नाही. नात श्रेया आईजवळ घोडपदेवला राहणार आणि शनिवार-रविवार आमच्याकडे करी रोडला येणार. हे जुळवून आणणाऱ्या बाईंचे मी उपकारच मानते. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला इतका वेळ गप्प बसवणं काही खायचं काम नाही.

निघताना त्या म्हणाल्या, "आता काही दिवस सगळे एकमेकांशी फार जपून वागतील. घाबरू नका." मी मनात म्हटलं, जपून वागण्याला कोण घाबरतं?

मीच घाबरले.

ही पोरगी लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्याशी हुज्जत घालत आली होती. कुकरच्या शिट्ट्यांवरून, पडद्यांवरून, श्रेयाच्या केसांना तेल किती लावायचं त्यावरून. आता शनिवारी ती चाळीच्या खालूनच फोन करायची. वर ये म्हटलं की, "नको, उशीर होतोय." दुपारी पोरीला जेवणाऐवजी वडापाव दिला, असं मी मुद्दाम सांगितलं, तरी म्हणाली, "चालेल." याच वडापाववरून पूर्वी तिने माझ्याशी अबोला धरला होता!

आणि मला आई म्हणणं बंद झालं. त्याजागी काकी नाही, मावशी नाही, काहीच नाही. नुसतं, "हॅलो, खाली आलेय." ती वैभवची बायको राहिली नाही, हे मी गिळलं. पण मग ती माझी कोण? सगळं ठरलं होतं, एवढंच कुणी ठरवलं नव्हतं, आणि तिला सरळ विचारायची माझी छाती होत नव्हती.

एप्रिलात मसाल्याचे दिवस आले. दरवर्षी आम्ही दोघी लालबागला जाऊन वर्षाचा मसाला करून आणायचो. भीत भीतच फोन केला. "येतेस काय? तुझ्या घरचापण त्यातच करू." तिकडून आलं, "चालेल."

दुकानात कढईपाशी दगडू होता. आमचा मसाला नेहमी तोच भाजतो. त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. "आली सासूसुनेची जोडी! आता गिऱ्हाईक पळणार माझं," तो म्हणाला. प्राची हसली, पण परक्या घरी पाहुणी हसते तशी.

मी संकेश्वरी मिरची जास्त घालायला सांगितली. तिखटावरून आमचं दरवर्षी वाजायचं, म्हणून तिच्याकडे बघितलं.

"श्रेयाला झेपेल ना गो?"

"तुम्हाला बरोबर वाटेल तसं करा."

मी म्हटलं, दगडू, या वर्षी त्रिफळ नको. ती मोबाइलमध्ये बघत म्हणाली, "चालेल." त्रिफळाशिवाय बांगड्याचं तिखलं न खाणारी ही बाई! माझं डोकंच फिरलं.

"दगडू," मी मोठ्याने म्हटलं, "धणे भाजू नको. कच्चेच टाक."

दगडूचा झारा थांबला. "काकी, बऱ्या आहात ना?"

"टाक सांगितलं ना!"

"आई!" प्राची किंचाळली. "वेड लागलंय का तुम्हाला? कच्चे धणे? पावसाळ्यात किडे होतील मसाल्यात! आणि संकेश्वरी एवढी कोण घालतं? पोरगी खाणार आहे की नाही ते? दगडूभाऊ, अर्धी काढा ती. आणि त्रिफळ टाका. यांचं ऐकू नका, हट्टी आहेत नुसत्या!"

"हट्टी मी? आणि तू गो?" मीपण सोडलं नाही. सोडते कशाला? रांगेतल्या बायका बघत होत्या, दगडू कपाळाला हात लावून उभा होता, आणि आमचं जोरात चाललं होतं. डोळ्यांना पाणी मिरचीने आलं असं सांगायची चांगली सोय होती, पण मी रडतच होते. तिने ते बघितलं, पदर पुढे करून म्हणाली, "पुसा आधी. आणि भांडायचं तर नीट भांडा."

मध्यस्थी करणाऱ्या बाई तिथे असत्या तर मी त्यांच्या पाया पडले असते.

मसाला कुटून झाला. गरम पिशव्या तिने मला उचलू दिल्या नाहीत. टॅक्सीत मला बसवून दार आपटलं आणि खिडकीतून बोट नाचवत म्हणाली, "पुढच्या वर्षी तुम्ही दुकानात यायचंच नाही. घरी बसा. दोन्ही घरांचा मसाला मी एकटी करून आणणार."

"बघतेच कशी आणतेस ते," मी म्हटलं.