सिद्धारामच्या वाटणीची वजाबाकी

"सर, ह्यो दिग्विजय माझ्या वजाबाकीत घुसलाय!"

सिद्धाराम फळ्यापुढं कमरेवर हात ठेवून उभा होता. दिग्विजय खडू पाठीमागं लपवत होता. बलभीम सरांनी चहाचा कप खिडकीत ठेवला.

"आता काय झालं रं?"

"गणित म्या मांडलं आन् उत्तर ह्येनं लिवलं. त्येची बेरीज हाय. त्येनं बेरजंतच ऱ्हायाचं."

"बरोबर हाय सर," सृष्टी मागून म्हणाली. "वाटनी म्हंजी वाटनी."

सरांनी दिग्विजयचा खडू काढून घेतला. तालुक्याहून शिक्षण खात्याचं पत्र येऊन पडलं होतं. दुसरीच्या प्रत्येक पोराला हातच्याची वजाबाकी आली पाहिजे, इंग्रजीची वाक्यं वाचता आली पाहिजेत, अशी लांबलचक यादी पत्रात होती. तपासायला विस्तार अधिकारी येणार होते. पोरं कच्ची निघाली तर शाळा बंद करून पलीकडच्या मोठ्या शाळेत जोडायची, असंही लिहिलं होतं. पलीकडं म्हणजे हायवेच्या पलीकडं. जळकोटच्या अलीकडच्या या वस्तीतून शाळेला जायचं तर पोरांना तो चौपदरी रस्ता रोज ओलांडावा लागणार होता. तिथं हैदराबादचे ट्रक म्हशीला थांबत नाहीत, ते सृष्टीला काय थांबणार?

एका खोलीत चार वर्ग, त्यांना एकच मास्तर, आणि हातात जेमतेम पंधरवडा. सगळ्यांना सगळं शिकवायचं म्हणजे ब्रह्मदेवालाही रजा टाकावी लागली असती. रात्रभर कूस बदलून बदलून सरांना शेवटी सुचली ती वाटणी. त्यांच्या घरी भावाभावांत झाली होती तशीच. विहिरीकडचं थोरल्याला, माळाचं धाकट्याला. तशी पत्रातली दुसरीची यादी त्यांनी पोरांत वाटून टाकली. बेरीज दिग्विजयला. इंग्रजी वाचन कृष्णराजला. घड्याळ करिश्माला. सगळ्यात चिवट ती हातच्याची वजाबाकी मेंढरांमागं फिरणाऱ्या सिद्धारामला, कारण तो एकटाच कंटाळत नव्हता. सृष्टी सगळ्यांत लहान, तिला नुसती इंग्रजी एबीसीडी. साहेबांनी काहीही विचारलं की ज्याचं त्यानं उठायचं.

पोरं शेतकऱ्यांची. वाटणी काय असते ते त्यांना शिकवावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी बांध पडले. कृष्णराजचं 'धिस इज अ कॅट' दुसऱ्या कुणी गुणगुणलं तरी तो दगड उचलायचा.

बातमी घरोघरी पोचली. वस्तीवर सगळ्यांत जास्त जमीन असलेले दिग्विजयचे वडील, वीरभद्रअप्पा, बुलेटवरून थेट वर्गाच्या दारात आले.

"सर, आमच्या पोराला नुसती बेरीज? आन् मेंढक्याच्या पोराला वजाबाकी?"

"अप्पा, वजाबाकी लई अवघड असते हो."

"म्हनून तर म्हन्तो. अवघड हाय ते आमाला द्या. लोक काय म्हनतील?"

शेवटी 'गुड मॉर्निंग सर'चा बांधालगतचा तुकडा दिग्विजयला जादा तोडून दिला, तेव्हा कुठं बुलेट चालू झाली.

तपासणीच्या आदल्या दिवशी, शाळा सुटताना, सिद्धारामची आजी कडूबाई व्हरांड्यात येऊन टेकली.

"सर, पोराला उद्यापास्नं सुट्टी द्या. पहाटं मेंढरं औशाकडं हालिवतोय."

सर कुलूप हातात घेऊनच वळले. "मावशी, उद्या साहेब येणार आहेत! एक दिवस, फक्त एक दिवस थांबवा त्याला."

"हितं एक काडी ऱ्हायली न्हाय चरायला. मेंढरास्नी काय सांगू, साह्यब येनार हाय म्हनून?"

"अहो, त्याच्याकडं वजाबाकी आहे."

"मंग दुसऱ्या कुनाला द्या की. तेवढ्यासाठी पोरगं कशाला अडिवता? त्येचा बाप एकटा हाय."

"न्हाय द्यायची," सिद्धाराम आजीच्या मागून म्हणाला. डोळे भरलेले, पण आवाज ताठ. "माझी हाय ती."

सर खूप विनवून बोलले. पण कडूबाई पोराला घेऊन निघाली. त्या संध्याकाळी त्यांनी दिग्विजयला बसवून वजाबाकी शिकवायला घेतली. दिग्विजयनं मोठ्यातून छोटा वजा करायचा सोडून छोट्यातून मोठा केला, आणि उरलं ते बेरीज करून भागवलं. सर उठले आणि त्यांनी अंगाऱ्याची पुडी शोधली.

विस्तार अधिकारी शिवलिंगप्पा साहेब आले ते सकाळीच. पांढरी गाडी, हातात मोबाईल. बोलणं गोड होतं, त्यामुळं सरांना आणखीच भीती वाटली.

दिग्विजयनं दोन्ही हात जोडून 'गुड मॉर्निंग सर' अशी आरोळी ठोकली की खिडकीतला कप पडला. साहेब खुशीत आले. त्यांनी करिश्माकडं बोट केलं.

"बाळा, फळ्यावरचं हे वाक्य वाच बरं."

करिश्मा जागची हलली नाही. "ते कृष्णराजचं हाय."

"कृष्णराजचं म्हणजे?"

"त्येच्या वाटनीला आलंय. माझं घड्याळ हाय. इचारा की, किती वाजले?"

साहेबांनी सरांकडं पाहिलं. सरांनी छताकडं पाहिलं. साहेबांनी कृष्णराजला बेरीज विचारली, त्यानं प्रामाणिकपणे दिग्विजयकडं बोट दाखवलं. दिग्विजयला घड्याळ विचारलं, तो म्हणाला, "करिश्माला इचारल्याबगर न्हाय सांगता येनार. पुन्ना भांडान लागतंय."

साहेब इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग हसू एकदम आटलं.

"बलभीम सर, तुमची आख्खी शाळा मिळून एक पोरगं तयार झालंय."

त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, त्रेचाळीस वजा सतरा.

"असू दे. एवढं एक कुणीही सोडवा. कुणीही. मी शेरा जरा बरा लिहितो."

कुणी उठलं नाही. दूर हायवेवर ट्रकचा हॉर्न वाजला. सगळी पोरं एका रिकाम्या जागेकडं बघत होती. त्या जागेशेजारी सृष्टी बसली होती, मांडीवर प्लास्टिकची पिशवी गच्च धरून.

"तुझ्याकडं काय आहे गं?" साहेबांनी विचारलं.

"सिद्धारामची वजाबाकी," सृष्टी म्हणाली. पिशवीत रबर लावलेल्या दहा-दहा काड्यांच्या जुड्या होत्या. "काल सांजच्याला दिली. शिकिवली बी. मेंढरं परत आली की मागून घीन म्हन्ला."

"म्हणजे तुला येते की! चल, सोडव."

सृष्टीनं नाही म्हणून मान हलवली.

"सृष्टे," सर तिच्यापुढं वाकले, "सोडव गं बाय. शाळेचा प्रश्न आहे."

"सांभाळायला दिल्यालं वापरत्यात व्हय सर?"

साहेबांनी खडू खाली ठेवला. मग मोबाईलवर एकेका नावापुढं टिचकी मारत गेले. सरांना स्क्रीन दिसत नव्हती, पण साहेबांचा अंगठा प्रत्येक वेळी एकाच बाजूला जात होता.

"वाईट वाटतंय सर," गाडीत बसताना ते म्हणाले. "पण मी काय लिहू? वाटणी झाली म्हणून लिहू?"

गाडी हायवेला लागून दिसेनाशी झाली. पोरं दप्तरं घेऊन घरी पळाली. सर खुर्चीत बसून राहिले. जरा वेळानं कळलं, सृष्टी अजून दारात उभी आहे.

"काय गं?"

ती जवळ आली आणि त्यांच्या कानाशी लागली.

"सव्वीस येत्यात सर."

सरांनी मान वर केली.

"म्या जुडी सोडली न्हाय. आईशप्पथ. नुसती मनात सोडली आन् परत बांधून ठिवली." तिनं पिशवी दाखवली. एकही रबर निघालेलं नव्हतं. "सिद्धूला सांगू नगा."

"नाही सांगत."

ती गेल्यावर सरांनी डस्टर उचलला. दिग्विजयची बेरीज पुसली, करिश्माचं घड्याळ पुसलं, कृष्णराजचं मांजर पुसलं. त्रेचाळीस वजा सतरापाशी हात थांबला. बरोबरच्या चिन्हापुढं जागा रिकामी होती. ती त्यांनी तशीच राहू दिली, आणि खडूचा तुकडा खालच्या पट्टीवर ठेवला, सिद्धारामचा हात पोचेल तिथं.