खिडकीतल्या राउटरचा वाटा

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. इंटरनेटची तार माझ्या पाठीत शिरते आणि पुढे मी ते बिनतारी घरभर पोचवतो. कारखान्यातून निघालो, तेव्हा मोठ्या कचेरीची स्वप्नं पाहत होतो. आलो शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या दोन खोल्यांत. त्यांच्या मुलीला ऐकू येत नसे. ती लग्न होऊन दूरच्या शहरी राहत होती. मायलेकी रोज पडद्यावर हातांच्या खुणांनी बोलत आणि मी निरोप्या. याचा मला केवढा अभिमान!

एकदा समोरचे काका आले. टेलिफोनच्या तारा जोडण्यात त्यांचा जन्म गेलेला. आता गल्लीतले राउटर एकमेकांना जोडायचं त्यांनी मनावर घेतलं होतं.

"मावशी, तुमच्या नेटचा थोडा वाटा गल्लीला द्या."

"आणि मला काय मिळणार? कोरडे आभार?"

"जो वाटा देतो, त्याची तार तुटली की गल्लीचं नेट आधी त्याला."

मावशींनी हातातली शिवण पूर्ण केली, धागा तोडला आणि म्हणाल्या, "जोडा."

काकांनी मला खिडकीत बसवलं. ऊन, धूळ सोसत मी वर्षभर शेजाऱ्यांच्या उपयोगी पडलो. मावशींवर मात्र गल्लीचं नेट घ्यायची कधी वेळ आली नाही.

मग एका दुपारी रस्ता खोदताना आमची तार तुटली. नेमकं तेव्हाच मुलीला बाळंतपणाच्या ऑपरेशनसाठी आत नेणार होते. त्याआधी तिला आईला पाहायचं होतं. मावशींनी खिडकीतून काकांना हाक मारली.

काका धावत आले. "घाबरू नका, तुमचा नंबर पहिला!"

खरंच, शेजारच्या राउटरनं मला हात दिला. पण चित्र अडखळत होतं, खुणा तुटत होत्या. काकांनी खिडकीतून गल्लीला हाक मारली, "जरा वेळ नेट सोडा!" शिकवणीच्या बाईंनी पडद्यावरचा वर्ग थांबवला. कधीही वाटा न देता गल्लीचं नेट वापरणाऱ्या न्हावीदादांनी रंगात आलेली मॅच बंद केली. हे कुठल्याच नियमात नव्हतं!

चित्र स्वच्छ झालं. मावशींनी खुणेनं सांगितलं, 'मी आहे ना.' मुलगी हसली.

संध्याकाळी बाळ दिसलं.

दुसऱ्या दिवशी काका मावशींकडे आलेले असताना न्हावीदादा आपला राउटर घेऊन दारात उभे. "काका, माझाही जोडा."

"तुम्हालाही पहिला नंबर हवाय वाटतं?"

"छे हो! बाळाची चौकशी करायला आलो. रिकाम्या हातानं कसा येऊ?"

मित्रांनो, आता मी थकलोय, चटकन तापतो. माझ्यावरची धूळ तेवढी पुसत जा. आणि माझ्यावर पासवर्डचं कुलूप घालण्याआधी एकदा शेजारी डोकावून बघा.