देवकाबाईंच्या दाढेतले काचेचे सिमेंट

मित्रांनो, सिमेंट म्हटले की तुम्हाला पोती, घमेली आणि गवंडी आठवतील. मी तसले नाही. ज्वारीच्या दाण्याएवढे, जुने, झिजलेले असे मी सिमेंट आहे. सहा वर्षे मी एका बाईच्या दाढेत राहिले.

माझा जन्म भट्टीत झाला. वाळू आणि इतर खनिजे रसरशीत तापवून त्यांची काच केली आणि ती पिठासारखी दळली. त्या काचेत फ्लोराइड नावाचे द्रव्य होते. किडीपुढे टिकून राहायला दाताला त्याचे बळ मिळते. ते थोडेथोडे रोज देत राहायचे, हेच माझे काम. देणाऱ्याकडले कधीतरी संपते, हे मात्र तेव्हा मला ठाऊक नव्हते.

१९८३ साली नागपूरचे दंतवैद्य श्रीकांत दर गुरुवारी आगगाडीने पांढुर्ण्याला येत आणि स्टेशनजवळच्या एका खोलीत लोकांचे दात पाहत. माझी बाटली त्यांच्या पेटीत असे. एका गुरुवारी देवकाबाई गाल धरून आल्या. सोबत त्यांचे यजमान पुंडलिकराव होते. जाम नदीपलीकडे त्यांची संत्र्यांची बाग होती.

"काढून टाका ना जी ते दाढ," पुंडलिकराव म्हणाले. "माह्या तोंडात एकही नाही. काय अडलं माहं?"

"तुमचं कायले अडते? तुमची भाकर दुधात कुस्करून कुस्करून माहे हात दुखले. आता माही कोण कुस्करन?"

डॉक्टर हसले आणि मग गंभीर झाले. देवकाबाईंच्या तोंडात वरच्या दाढेशी जुळणारी ती एकच दाढ उरली होती. ती गेली की चावणेच संपणार होते. हिरडीच्या काठाला किडीने खड्डा केला होता. तो साफ करून त्यांनी माझी पूड एका द्रवात कालवली, मला त्या खड्ड्यात भरले आणि वरून व्हॅसलिन लावले.

"मावशी, दाढ वाचेल. पण आंबट खाल्ल्यावर लगेच मिसरी घासायची नाही. आधी पाण्याने चूळ भरायची. आणि ही टूथपेस्ट रोज लावा. सिमेंटमधले फ्लोराइड संपत आले की यातून त्याला पुन्हा मिळेल."

पहिले दिवस मानाचे होते. देवकाबाई ठेचा-भाकर चावून खात आणि शेजारणींना तोंड उघडून दाखवत, "पाहा वं, काच बसवली माह्या दाढेत!" मी मनापासून देत राहिले.

मग संत्र्यांचा हंगाम आला. त्या घरी बागेची तोड देवकाबाईंच्या जिभेवर ठरे. प्रत्येक झाडाचे एक फळ चाखून त्या सांगत, हे झाड तयार आहे, त्याला अजून आठ दिवस. दिवसाला चाळीस-पन्नास झाडे होत. दात आंबले की त्या लगेच मिसरीची डबी उघडत. भाजलेल्या तंबाखूची ती काळी, खरखरीत पूड! आंबटाने मी मऊ पडायचे आणि वरून मिसरी मला खरवडायची. मधे एक चूळ, एवढेच हवे होते. पण संत्र्यामागून मिसरी, ही त्यांची तीस वर्षांची सवय होती.

आणि पेस्ट? ती देवकाबाईंच्या कपड्यांच्या पेटीत गेली.

"आत्याबाई, डॉक्टरनं ते तुमच्यासाठी देल्लं," सून विजया म्हणाली.

"राहू दे वं. जवाई आले का लागन. त्यायले का मिसरी देऊ?"

"जवाई दोन वर्षांतून एकडाव येतेत. दाढ तं रोज जेवते!"

"लई बोलून राहिली तू."

अशी सहा वर्षे गेली. मला कुठून काही मिळत नव्हते आणि मी देत होते. माझी कड झिजली. फट पडली. थंड पाणी लागले की दाढेत कळ जायची. तोड चालू होती, म्हणून देवकाबाईंनी दुखणे लपवले. एका दुपारी विजयाने पाहिले, तर सासूबाई चुलीमागे बसून स्वतःची भाकर दुधात कुस्करत होत्या.

गुरुवारी विजयाने त्यांना डॉक्टरांकडे आणले.

डॉक्टरांनी मला खरवडून काढले. देवकाबाईंनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता.

"गेली का जी दाढ?"

मी बसले होते त्या जागेवर डॉक्टरांनी सळीच्या बारीक टोकाने दाबून पाहिले. टोक कुठेच रुतले नाही.

"कडक आहे, मावशी. कीड आत शिरली नाही. बिचाऱ्या सिमेंटने शेवटपर्यंत निभावलं."

देवकाबाईंनी डोळे मिटले आणि खुर्चीचा दांडा सोडला.

मित्रांनो, मी आता कापसाच्या बोळ्यावर पडले आहे. फार थकले आहे. तक्रार नाही, दाढ राहिली. पण जे गुपचूप झिजते ते कायमचे पुरेल, असे समजू नका. आंबट खाल्ले की आधी चूळ भरा. ज्याच्याकडून रोज घेता, त्याला रोज थोडे द्या. माझ्या जागी भरलेले नवे सिमेंट अजून ओले आहे. त्याला माझ्याइतके लवकर थकवू नका, एवढे देवकाबाईंना कोणीतरी सांगा.