हॉर्नचा जोड

अण्णांकडे ती गाडी आली ती रेडिओच्या पायी. गाडीतला रेडिओ खरखरतोय म्हणून मालकानं ती दुकानासमोर आणून उभी केली, आणि रेडिओ दुरुस्त होईपर्यंत त्याचा मुलाकडे परदेशी जाऊन राहायचा बेत ठरला. "तुम्हीच ठेवा," असं सांगून तो मोकळा झाला. गोल दिव्यांची, फुगीर गालांची ती म्हातारी गाडी अशी अण्णांच्या पदरात पडली. रेडिओ मात्र तेव्हापासून उत्तम वाजतो.

बाकी सगळं मोडीत काढण्यासारखं होतं. तारांवरचं कापडी वेष्टण हात लावला की भुगा होऊन पडायचं. एक दिवा लावला की दुसरा विझायचा. दुसऱ्या कुणी हाय खाल्ली असती, अण्णा खूश झाले. आयुष्यभर रेडिओ उघडून बसलेला माणूस तो. आता घरोघरचे रेडिओ मुके झाले होते आणि अण्णांच्या हाताला कामाची खाज सुटली होती. त्यांनी जुन्या तारा उपटून टाकल्या, नव्या ओढल्या आणि एकूणएक जोड कथील वितळवून सोल्डर केला. आधी राळ, मग तापलेलं टोक, मग सोल्डरचा थेंब. थेंब असा गोल आणि चकचकीत बसायचा की बायकोला बोलावून दाखवायचे. ती बिचारी कणकेच्या हातानं यायची आणि "छान आहे हो," म्हणून परत जायची.

"माझा एक जोड आजवर परत आलेला नाही," असं अण्णा ज्याला त्याला ऐकवत. हे खरंच होतं. अलीकडे गिऱ्हाईकही परत येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मग लेकीचं लग्न ठरलं आणि नशिबानं व्याही दिला तो नेमका गाड्यांच्या वायरिंगवाला. भर चौकात दुकान आणि त्याहून मोठा आवाज. चूक दिसली की अनोळखी माणसालाही रस्त्यात थांबवून सांगणार. लग्नाची बोलणी करायला म्हणून आले आणि चहा निवायच्या आत गाडीच्या डॅशबोर्डखाली शिरले.

"काय केलंत हे?" आतूनच ओरडले. "सगळीकडे सोल्डर?"

"का? जोड तुटेल म्हणता?" अण्णांनी विचारलं.

"जोड कशाला तुटेल? जोडाच्या शेजारी तुटेल! सोल्डर तारेत वर चढतं, तार तिथं काडीसारखी कडक होते. तुमचा रेडिओ टेबलावर बसून गातो, अण्णा. गाडी हादरते. इथं थिंबल लावायचं. तारेच्या टोकावर धातूची टोपी घालायची, चिमट्यानं दाबायची, संपलं. द्या माझ्याकडे, दोन दिवसांत करून देतो."

"उद्या मला रेडिओ कसा लावायचा तेही शिकवाल!" अण्णा भडकले. "माझी लेक लग्नाला याच गाडीतून येईल, याच जोडांवर. वाटेत गाडी बंद पडली तर तुमच्या नव्या गाडीत बसून येईन आणि जन्मभर तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा!"

बोलून तर बसले. लेक दारात उभी राहून ऐकत होती. गाडी आली त्या दिवसापासून तिला तिचं वेड, आणि बापाच्या शेजारी बसून लग्नाला जायचं हे तिनंच मनाशी धरलेलं. पण गाडी वाटेत रुसली तर बाबांना तिथल्या तिथं काहीतरी होईल, ही धास्तीही तिलाच. अण्णा रागाच्या भरात म्हणाले खरे, पण पुढं बरेच दिवस त्यांना झोप लागेना. आपली लेक भररस्त्यात गाडीतून उतरून व्याह्यांच्या गाडीत चढतेय, एवढंच डोळ्यांसमोर यायचं.

मध्ये दोन दिवस अण्णा आणि बायको मेहुणीला आमंत्रण द्यायला परगावी जाऊन आले. ते सोडले तर गाडीवरची त्यांची नजर हटली नाही. शंका घेतल्यासारखं होईल म्हणून डॅशबोर्डखाली मात्र ते पुन्हा डोकावले नाहीत.

लग्न नोंदणी कार्यालयात होतं. सकाळी गाडी एका फटक्यात सुरू झाली. पहिल्या वळणावर इशाऱ्याचा दिवा नीट लुकलुकला आणि अण्णांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खड्डा आला, गाडी गदगदली, काही झालं नाही. मग त्यांना राहवेना. त्यांनी लख्ख उन्हात पुढचे दिवे लावले. आतला दिवा लावला. वायपर सुरू केले.

"अहो, वायपर बंद करा. लोक बघतायत," मागून बायको म्हणाली.

"बघू देत!"

लेक शेजारी गप्प बसून होती. सासरी जायचं म्हणून जीव भरून आला असेल, असं अण्णांना वाटलं आणि त्यांचाही आला.

कार्यालयाच्या आवारात दोन्हीकडची मंडळी जमली होती. अण्णा उतरले ते गड जिंकल्यासारखे. टपावर हात ठेवून त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "एकूणएक जोड माझ्या हातचा! लोक म्हणत होते, तुटेल. तुटला?"

सगळ्यांनी व्याह्यांकडे पाहिलं. व्याही नुसतं "वा!" म्हणाले. अनोळखी माणसालाही न सोडणारा हा गृहस्थ आज तोंडात गुळणी धरून का उभा आहे, असा प्रश्न अण्णांना पडायला हवा होता. पण आनंदात माणसाला प्रश्न पडत नाहीत. त्यांनी खिडकीतून हात घालून सलामीचा हॉर्न वाजवला.

हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. बटणावरचा हात काढला तरी थांबेना. झाडावरचे कावळे उडाले. आतून शिपाई धावत आला आणि "साहेब सही करतायत, बंद करा ते!" असं ओरडू लागला. अण्णा नव्या शर्टानिशी डॅशबोर्डखाली पालथे झाले.

आत पाहिलं आणि गारच पडले. सगळीकडे थिंबलं! ओळीनं दाबलेली, वर नळीचं वेष्टण चढवलेली, कुठं एक केस इकडचा तिकडे नाही. त्यांचा स्वतःचा जोड एकच उरला होता, हॉर्नचा. सोल्डरचा थेंब जसाच्या तसा चकाकत होता. तार बरोबर त्याच्या शेजारी तुटली होती आणि तिचं उघडं टोक स्टिअरिंगच्या लोखंडी नळीला टेकलं होतं. अण्णांनी ते बाजूला ओढलं. हॉर्न बंद झाला.

"बाबा," लेक दारात वाकून कुजबुजली, "किल्ली मीच दिली त्यांना. तुम्ही मावशीकडे गेला होतात तेव्हा. हा एक जोड त्यांनी मुद्दाम तुमचा ठेवला. म्हणाले, सगळंच काढून टाकलं तर माणसाचा अपमान होतो. हॉर्न नाही वाजला तर कुणाचं काय अडतंय?"

अण्णा बाहेर आले. आवारातले सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"काय झालं होतं हो?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही," अण्णा म्हणाले, आणि पुढचं वाक्य तोंडून निसटलंच. "एक जोड व्याह्यांनी केला होता. तेवढाच गेला."

हशा पिकला. व्याह्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि हात जोडले. "चुकलं माझं."

आत बाकावर बसल्यावर अण्णांना ते दोन शब्द बसू देईनात. ज्या माणसानं जन्मात चूक कबूल केली नाही, त्यानं अण्णांची चूक त्यांच्या लेकीसाठी चारचौघांत स्वतःवर घेतली. अण्णांना स्वतःची शरम वाटली. समोर लेक सही करत होती. तिनं मान वर करून बापाकडे पाहिलं नाही.

सह्या आटोपताच अण्णा उठून उभे राहिले.

"ऐका सगळ्यांनी. तो तुटलेला जोड माझा होता. बाकीचे सगळे व्याह्यांनी केलेत. मी खोटं बोललो."

लेकीनं वर पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

आणि मग अण्णांच्या चुलतभावानं टाळी वाजवली. "याला म्हणतात मोठं मन! व्याह्यांची चूक अंगावर घेतोय बघा!"

"अरे, नाही! खरंच माझा—"

"आम्हाला कळत नाही होय?" मेहुणीनं डोळ्याला रुमाल लावला. "लेकीच्या सासरचा मान राखतायत भावजी!"

अण्णा जितकं नाही म्हणाले, तितकं त्यांचं मन मोठं होत गेलं. त्यांनी थिंबल म्हणजे काय ते समजावून सांगायला घेतलं, तेव्हा तर टाळ्यांचा कडकडाट झाला. जावयाच्या मामानं पुढं होऊन त्यांचा हात धरला. "माझी गाडी तुमच्या व्याह्यांकडेच टाकणार होतो. पण आता वायरिंग तुमच्या हातचंच पाहिजे, अण्णा!"

व्याह्यांनी अण्णांचा शर्ट मागून ओढला.

"खाली बसा," ते दात-ओठ खात पुटपुटले. "आणखी एकदा खरं बोललात, तर माझ्या दुकानात कुत्रंही फिरकणार नाही."